विधान, आधार आणि ज्येष्ठेजवळचं बाळ

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे वाक्य पहिलंच लिहून टाकते, कारण माहितीपर निबंधाचं विषयवाक्य पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे, वाचकाला उगाच ताटकळत ठेवू नये, असं मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले आहे. नागपुरातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवते. शाळेत मला निबंधाच्या बाई म्हणतात. धडे आणि कविता इतर कोणी शिकवल्या तरी चालतं, पण निबंध म्हटला की वर्ग माझ्याकडे येतो.

आता ही जाऊ कोण, ते सांगायला हवं. व्याख्या आधी, तक्रार नंतर. प्रताप नगरात आमचं घर आहे, दोघा भावांचं. थोरल्याची बायको मी, धाकट्याची ती. स्वयंपाकघर एकच आहे. सासूबाई होत्या तोवर त्यांनी ते एक ठेवलं, आणि त्या गेल्यावर वेगळं करू या असं म्हणायला कोणी पुढे झालं नाही. जाऊ नरखेडकडच्या एका गावातली, संत्र्याच्या बागायतदाराची मुलगी. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर बिल्ट्या, म्हणजे गाडीबरोबर जाणाऱ्या मालाच्या पावत्या, बनवते, ड्रायव्हरांशी आणि हमालांशी बोलून बोलून आवाज चांगला कमावलाय. संध्याकाळी स्कूटीवरून येते ती अमरावती रोडची सगळी धूळ अंगावर घेऊन, आणि चेहरा मात्र असा की बाईसाहेब आत्ताच दुपारची झोप काढून उठल्या. मी शाळेतून आले की अर्धा तास कपाळ दाबत पडते. याचाही मला हेवा वाटतो, पण तो वरवरचा. तिला एक मुलगी आहे आणि मला मूल नाही. खरं दुखणं ते आहे. डॉक्टर, उपास, पुन्हा डॉक्टर, सगळं करून झालं, त्यावर आता लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

मुलगी मला मोठी आई म्हणते. आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला असंच म्हणतात, घरोघरी एखादी मोठी आई असतेच, त्यात विशेष काही नाही. पण मी तो शब्द कधीच नुसता नात्याचा म्हणून ऐकला नाही. त्यात आई होतं आणि वर मोठी होतं. ती बोबडं बोलायची तेव्हा तिनं मला हाक मारली की मी मुद्दाम थोडं उशिरा ओ द्यायची, म्हणजे ती पुन्हा मारेल.

बाराखडी तिनं माझ्या मांडीवर गिरवली. मराठी तर माझंच होतं घरात. गणित तिच्या वडिलांकडे, विज्ञान क्लासात, आणि मराठी मोठ्या आईकडे, अशी वाटणी कोणी न करता झाली होती. जाऊ कामावरून आली की भाजी निवडायला बसायची आणि आम्ही दोघी पुढच्या खोलीत माझ्या तक्त्यासमोर.

हा तक्ता म्हणजे माझं वैभव. पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर निळ्या शाईत माझ्या हातचे शब्द. विषयवाक्य, मुद्दा, विधान, आधार, उदाहरण, कारण आणि परिणाम, तुलना, जोडशब्द, वस्तुनिष्ठता, समारोप. सगळ्यात वर वाचक. वाचक म्हणजे तुमच्या घरी कधीही न आलेला माणूस, त्याला काहीच माहीत नाही असं धरून चाला, हे मी प्रत्येक वर्गाला सांगते. आणि विधानाखाली लाल रेघ मारलेली आहे, कारण माझ्या मते सगळा निबंध तिथे उभा राहतो किंवा कोसळतो. विधान केलं की लगेच आधार दे. आधार नसेल तर ते नुसतं मत, आणि मत घरी ठेवून यायचं. मुलं माझी नक्कल करतात ती याच वाक्याची करतात.

यंदा मुलगी नववीत गेली. गणपतीच्या सुट्टीआधी तिच्या शाळेनं निबंध दिला: आपल्या घरी होणारी एखादी गोष्ट, ती कधीही न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगा. उत्तम निबंध गॅदरिंगला स्टेजवरून वाचून घेणार होते. मी मनातल्या मनात तिला स्टेजवर उभीसुद्धा केली. पहिल्या रांगेत मी. निबंध कोणी शिकवला असं कोणीतरी विचारणार, आणि ती माझ्याकडे बोट दाखवणार. एवढंच हवं होतं मला. एका पोरीनं एकदा चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवावं.

त्या संध्याकाळी मी तक्त्यासमोर खुर्ची मांडून बसले आणि ती आलीच नाही. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. दाराशी गेले तर जाऊ कणीक मळत होती आणि मुलगी ओट्यावर बसून पाय हलवत होती.

"अवं, विषयवाक्य म्हंजे आपली बिल्टी," जाऊ सांगत होती. "तिच्यावर काय लिहिलं रायते? माल कोणता, कुठून निंगाला, कुठं चालला. बिल्टीवर संत्रा लिहिला आन गाडीत कापूस भरला, तर नाक्यावर सोडतीन काय तुले?"

"नाही सोडणार."

"मंग. मुद्दे म्हंजे नग. बिल्टीवर चार नग लिहिले, त उतरताना चारच भरले पायजे. पाचवा निंगाला तरी भांडण, तीन निंगाले तरी भांडण."

"आणि समारोप?"

"पोच. माल भेटला म्हणून समोरच्याची सही."

मुलगी खदखदून हसली. माझ्या तक्त्यासमोर ती कधी अशी हसली नव्हती. तिथे ती मान डोलवायची. मला वाटायचं, समजतंय म्हणून डोलवते.

"गाडी भरताना शेवटी उतरवायचा माल आधी चढवतात ना वं?" मी दारातूनच विचारलं.

जाऊ दचकली. "हो ताई."

"मग निबंधात समारोप आधी लिहायचा का?"

उदाहरण कुठे तुटतं ते मला बरोबर दिसतं, तो माझा धंदाच आहे. जाऊ कणकेकडे बघत म्हणाली, "तेही खरं हाय. तू मोठ्या आईलेच विचार बाई, मले काय समजते त्यातलं." आणि हरली. तिचं हे असं चटकन हरणंच मला खपत नाही. भांडली असती तर जिंकल्याचं समाधान तरी मिळालं असतं. वर मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठी आई, तू काहून चिडून राहिली?"

मी चिडले नाही म्हणाले. ते विधान होतं आणि त्याला कसलाही आधार नव्हता.

तिनं विषय निवडला महालक्ष्म्या. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, गणपतीत तीन दिवस येतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पत्र्याच्या दोन उंच कोठ्या, त्यांत गहू भरायचे, वर मुखवटे बसवायचे, दोघींना अगदी एकसारखी पातळं नेसवायची. एकीचं काठपदर आणि दुसरीचं साधं असं चालत नाही. देवी झाल्या तरी हेवा वाटायचाच, हे आमच्या बायकांना बरोबर माहीत आहे. ज्येष्ठेला मी नेसवते, कनिष्ठेला जाऊ, आणि मधून मधून आम्ही एकमेकींना टाचण्या मागतो.

महालक्ष्म्यांसमोर दोन बाळं ठेवायची रीत आहे. आमच्याकडे एकच आहे, लाकडी, हातभरसुद्धा नाही, दरवर्षी त्याला नवं झबलं शिवतो. जोडीतलं दुसरं गावच्या चुलत घरी राहिलं. एकच बाळ म्हणून सासूबाईंचा नियम होता की ते दोघींच्या बरोबर मधोमध ठेवायचं. कोणाचं, हा प्रश्नच नको.

आणि आता जे लिहिते ते मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मुलगी तान्ही होती त्या वर्षी, स्थापनेच्या दुसऱ्या सकाळी मी आंघोळ करून दिवा लावायला गेले, तर बाळ मधोमध नव्हतं. ते ज्येष्ठेच्या पदराला टेकलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मी कोणाला विचारलं नाही आणि शोधही घेतला नाही. ज्येष्ठा म्हणजे मी, हे मी धरूनच चालले होते. देवी मला सांगत होती की ही पोरगी तुझी आहे. पोटची नसली तरी कौल तुझ्या बाजूनं आहे. जाऊ मुलीला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, तिच्या तापात रात्रभर जागायची, आणि मी मनात म्हणायची, कर बाई, पण मला कौल मिळालाय. त्या एका सकाळच्या जोरावर मी वर्षाचे बाकीचे दिवस काढत होते. वर्गात विधानाला आधार मागणारी मी, देवघरात मात्र मला ते ध्यानातही येत नव्हतं.

"आता निरीक्षण कर," मी मुलीला सांगितलं. "ऐकीव माहिती नको. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग लिही. आणि कारण सापडल्याशिवाय 'कारण' हा जोडशब्द वापरू नको."

यंदा मी त्या सकाळची जास्तच वाट बघत होते. बिल्टीचं प्रकरण मनात सलत होतं. त्या दिवसापासून मुलगी दोनचारदा तरी स्वयंपाकघरातच कच्चं लिहायला बसली होती, आणि मी कुकरच्या शिट्ट्यांतून कान देऊन ऐकत होते की आता आधाराचं काय झालं, आता वस्तुनिष्ठतेचा कोणता ट्रक झाला. तिला माझे शब्द हवे होते, पण ते आईच्या तोंडून हवे होते. याहून मोठी चोरी मला माहीत नाही.

स्थापनेच्या दुसऱ्या सकाळी देवघरात गेले. बाळ ज्येष्ठेजवळ होतं.

मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. जाऊ ताजी फुलं वाहून कधीच स्वयंपाकघरात गेली होती. मुलगी उंबऱ्यात गुडघ्यावर कागद घेऊन बसली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप.

"मोठी आई, बाळ काल मधात होतं ना?"

"असेल सरकलं."

"कसं?"

"काही गोष्टी विचारायच्या नसतात," मी म्हणाले.

"पण तूच तर म्हणते विचारायच्या."

मी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. जाऊ डाळ उतरवत होती. तिच्याकडे बघताना मला चक्क तिची दया आली. बिचारी, तिला काही माहीतच नाही. मी पुरण वाटायला घेतलं.

महालक्ष्म्या गेल्या, गणपती गेले. निबंध द्यायच्या आधीच्या रविवारी मुलगी दोन फुलस्केप कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. शेवटी तपासायला माझ्याकडेच यावं लागलं, असं मनात आलं आणि मी लाल पेन उघडून बसले. जाऊ आत मेथी निवडत होती, ती जुडी आपटल्याचा आवाज येत होता.

मुलीनं वाचायला सुरुवात केली. महालक्ष्म्या म्हणजे कोण, ते पहिल्या परिच्छेदात. कोठ्या, गहू, मुखवटे, क्रमानं. एकसारखी पातळं का, त्याचं कारण. 'त्यामुळे', 'तसेच', 'याउलट' जिथल्या तिथे. मी खूश होत होते. हे माझं होतं, त्यात एकही ट्रक नव्हता. मग ती बाळावर आली.

"आमच्या घरी एकच बाळ आहे. पहिल्या संध्याकाळी ते दोघींच्या मधोमध ठेवतात. दुसऱ्या सकाळी ते ज्येष्ठेजवळ असते. असे दरवर्षी होते. कारण माझी आई पहाटे शिळी फुले काढताना ते उचलून ज्येष्ठेजवळ ठेवते. तिला याबद्दल विचारले असता तिने सांगितले की, असे केल्याने मोठ्या आईला बरे वाटते."

आतला मेथीचा आवाज थांबला.

इतक्या वर्षांचा माझा कौल जावेच्या ओल्या हातातून येत होता. तिला माहीत होतं. मी काय बघायला देवघरात जाते, बघून काय समजते, सगळं तिला माहीत होतं आणि ती दरवर्षी पहाटे उठून मला ते वाढत होती, जेवणाऱ्याला पोळी वाढावी तसं. तिच्यावर दया मी करत होते म्हणे. मुलगी तिची, ती तर होतीच. आता माझी ती एक सकाळसुद्धा तिनंच दिलेली निघाली. त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका ती बाळंत होऊन घरी आली तेव्हाही वाटला नव्हता. तिच्याकडे इतकं होतं की त्यातलं उचलून माझ्याजवळ ठेवलं तरी तिचं काही कमी होत नव्हतं.

"शेवटचं वाक्य काढ," मी म्हणाले. आवाज वर्गातला लागला, ते बरं झालं. "बरे वाटते, हे मत झालं. माहितीपर निबंधात मत चालत नाही. विधानाला आधार कुठे आहे?"

"आहे ना," मुलगी म्हणाली. "खालीच आहे. वाचू?"

तिनं वाचलं.

"एरवी मोठी आई स्वयंपाकघरात आली की कोणावर तरी रागावते. त्या एका सकाळी ती रागावत नाही. पुरण वाटताना ती गुणगुणते आणि आईने शिजवलेल्या डाळीला नावे ठेवत नाही. हे मी स्वतः पाहिले व ऐकले आहे."

ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली, मुलं बरोबर उत्तर दिल्यावर बघतात तसं. तिच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं की आधार पुरेसा आहे का.

मी गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी बाळ तिथे दिसलं तरी मला गुणगुणता येणार नाही, आणि तिथे नसलं तर ते मधोमध बघून माझं काय होईल तेही मला माहीत नव्हतं. दोन्ही आता जावेच्या हातात होतं, आणि ते तिच्याच हातात होतं हे तिच्या मुलीनं माझ्याच शब्दांनी मला समजावून दिलं होतं. माझ्यामागे भिंतीवर ते सगळे शब्द निळ्या शाईत लटकत होते.

जाऊ दाराशी येऊन उभी राहिली. हाताला मेथीची पानं चिकटलेली.

"ताई, मी तिले म्हटलं होतं, हे नोको लिहू म्हणून. खोडाचं असन त खोडा."

मी कागद हातात घेतला. माझ्या सगळ्या नोकरीत इतका नेटका परिच्छेद एकाही मुलानं लिहिला नव्हता.

"खोडण्यासारखं काही नाही," मी म्हणाले. "आधार आहे."

आणि 'मोठ्या आईला बरे वाटते' या वाक्याशेजारी मी लाल पेनानं बरोबरची खूण केली. पेन इतकं दाबलं गेलं की ती खूण खालच्या कागदावरही उमटली.